डिस्कमधली पडवी

करंजाड्यातल्या मावशीच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या खणात लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या आणि त्यांच्यामध्ये सरकवलेल्या सात-आठ डिस्क आहेत. एकीवर मार्करने लिहिलंय : ‘हळद + लग्न, २००९’. दिवाळीच्या सुट्टीत ती आम्ही लावली. आधी सनई, मग गुलाबाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांवर चार चौकटी : साखरपुडा, हळद, लग्न, फोटो. रिमोटचा बाण फिरवला की चौकटीला पिवळी किनार येई. ‘फोटो’ दाबलं आणि गाण्याच्या तालावर एकेक चित्र सरकू लागलं. नवरी आली, करवल्या आल्या, मानपान झाले. मावशी गप्प होती. चाळिसेक फोटो झाले आणि ती एकदम म्हणाली, “थांब रं! ती बग आपली परवी.”

हळदीने माखलेल्या नवरीच्या मागे पडवी दिसत होती. मावशीला तीच हवी होती. ते घर आता नाही. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं आणि पाडे उठले : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. या गावांच्या घरांचे, अंगणांचे, देवळांचे फोटो मुद्दाम क्वचितच कुणी काढून ठेवले असतील. जे आहेत ते बहुतेक लग्नाच्या, बारशाच्या, हळदीच्या फोटोंत, माणसांच्या मागे उभे आहेत. त्यातले कितीतरी आज कपाटातल्या डीव्हीडींत पडून आहेत.

फोटो धूसर का दिसतो?

मावशीने सांगितलं म्हणून फोटो थांबवला, मोठा केला. पडवीच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग दिसला. ते काय, हे तिलाही ओळखेना. दोष टीव्हीचा नव्हता. भारतात जी डीव्हीडी चालते, तिच्या पडद्यावरच्या एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. २००९ साली खिशात मावणारा साधा १० मेगापिक्सेलचा कॅमेरा एका फोटोत जवळजवळ १ कोटी ठिपके टिपत होता. फोटो डीव्हीडीवर गेला की चोविसातला एक ठिपका उरतो. बाकीचे तेवीस परत मिळत नाहीत, मग टीव्ही कितीही महागाचा आणा.

आपली मोठी गल्लत इथेच झाली. डीव्हीडी आली म्हणजे फोटो सांभाळले गेले, असं सगळ्यांनी धरून चाललं. डीव्हीडी हे वाढलेलं ताट होतं. कणगीतलं भात, म्हणजे मूळ फोटो, वेगळं ठेवावं लागतं, ते कुणी ठेवलं नाही.

ताट वाढलं कसं जाई

लग्नाच्या ऑर्डरमध्ये करिझ्मा अल्बम आणि डीव्हीडी हे जोडीनेच येत. फोटो गाण्यावर बसवून डीव्हीडी करण्याच्या कामाला स्टुडिओवाले ‘मिक्सिंग’ म्हणत. त्यातलं पहिलं आणि सर्वांत अवघड काम निवडीचं. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे ३०० सेकंद. प्रत्येक फोटोला सहा सेकंद दिले तर ५० फोटो बसतात. आठशे फोटोंतून हे पन्नास काढायचे. मग गाण्याचं कडवं बदलेल तिथे प्रसंग बदलायचा आणि ठेका संथ असेल तिथे फोटो हळू सरकवायचा. जुन्या टीव्हीचा पडदा चित्राच्या कडा खायचा, त्यामुळे नावं आणि चेहरे कडेपासून आत ठेवावे लागत.

त्यानंतर हे सगळं एमपेग-२ या पद्धतीने दाबून लहान केलं जाई. मेन्यूची, म्हणजे सुरुवातीच्या त्या चौकटींची, रचना साधी पण हुशार आहे. मागे एक चित्र किंवा फिरती चित्रफीत आणि तिच्यावर फक्त चार रंगांचा एक पातळ थर असतो. रिमोटने बाण हलवला की त्या थराचे रंग बदलतात. ती पिवळी किनार यातूनच येते. प्रत्येक बटणाला एक आज्ञा जोडलेली असते : अमुक भागाच्या अमुक प्रकरणावर जा. एका भागात अशी ९९ प्रकरणं करता येतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची डीव्हीडी वेगळी करावी लागे. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ रेषा, तिकडे सुमारे ३० चित्रं आणि ४८० रेषा. पनवेलची डिस्क न्यू जर्सीच्या प्लेअरमध्ये अडकायची ती यामुळे.

आता घाई कशाची?

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो. लेसर त्या थरावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा या थराचे शत्रू आहेत आणि आपल्या कोकणात चार महिने भिंतीलाही ओल येते. दुसरीकडे ही डिस्क वाचणारी साधनं संपत चालली आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७सोबत मिळणारा ‘डीव्हीडी मेकर’ विंडोज ८मध्ये काढून टाकला गेला. स्लाइड शोसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘प्रोशो’ची कंपनी २०२०च्या सुरुवातीला बंद झाली. ३४ रुपयांत सिनेमाची डीव्हीडी देऊन ज्या मोझर बेअरने बाजार हलवला होता, तिच्या अवसायनाचा आदेश २०१८मध्ये निघाला.

म्हणून डिस्कमधलं सगळं उतरवून घेण्याचं काम आताच करा. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह विकत किंवा उसना घ्या. डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल घासू नका. डिस्क उघडली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल, तो जसाच्या तसा संगणकावर उतरवून घ्या. मेन्यू, प्रकरणं, गाणी सगळं त्यातच असतं. मोबाइलवर पाहण्यासाठी ‘हँडब्रेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्याची एमपी४ फाइल करता येते, पण आधी मूळ फोल्डर जपा. एका ड्राइव्हने डिस्क नाकारली तर दुसऱ्यावर लावून पाहा, पुष्कळदा ती चालते.

आणि मग मूळ फोटोंच्या शोधाला लागा. आम्ही स्टुडिओत विचारलं. त्यांची हार्ड डिस्क केव्हाच बदलली होती. फोटो सापडले ते मावशीच्या पुतण्याकडे. लग्नाच्या वेळी तोही छोटा कॅमेरा घेऊन फिरत होता. त्याच्या बंद पडलेल्या संगणकातली डिस्क काढून नव्याला जोडली आणि १४२ फोटो पूर्ण आकारात मिळाले.

नवं ताट, पण कणगीसकट

आता आम्ही नवी डीव्हीडी करतोय. ‘डीव्हीडीस्टायलर’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मावशीला मोबाइलवर बोटाने फोटो सरकवणं जमत नाही. रिमोटवरचं बटण मात्र तिच्या हाताला सवयीचं आहे. शिवाय मेन्यू करायला बसलं की प्रश्न पडतो : पहिलं बटण कशाचं? मोबाइलमधल्या हजारो फोटोंपुढे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो विचारला की निवड होते, क्रम लागतो, कोण कुठे उभं आहे ते आठवतं.

चित्रं क्रमाने लावून गाण्यांसह दाखवायची ही रीत आपल्या मुलखात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत आणि जोडीला निवेदन व गाणी चालत.

आमच्या नव्या डिस्कवरही जिवंत आवाज असेल. जुन्या डीव्हीडीत हळदीच्या फोटोंवर हिंदी गाणं होतं. आगरी लग्नात विधी चालतो तो धवलारणीच्या धवल्यांवर, म्हणजे तिने गायलेल्या लग्नगीतांवर, आणि नेमके तेच कुठे नव्हते. मावशीला काही धवले येतात. पंखा बंद करून, मोबाइल उशीवर ठेवून तिचा आवाज टिपला. फोटोतल्या माणसांची नावंही तिच्याकडून सांगून घेतली. डीव्हीडीला आवाज सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा लागतो, ते रूपांतर सॉफ्टवेअर करतं. शिवाय सिनेमाच्या गाण्यांचा प्रश्नही मिटला. लग्नात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, पण तेच गाणं जोडलेली चित्रफीत इंटरनेटवर टाकायला ती सूट लागू होत नाही.

कणगीची सोय त्याच डिस्कवर करता येते. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी जागा असते. वीस मिनिटांचा स्लाइड शो चांगल्या प्रतीत साधारण १.२ जीबी घेतो. उरलेल्या जागेत ५ एमबीचे ६०० मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात. प्लेअर त्या फोल्डरकडे पाहत नाही, संगणकाला मात्र तो दिसतो. हेच सगळं एका हार्ड डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. प्रत्येक फाइलला गाव, घर आणि वर्ष लिहून ठेवा, कारण ‘आयएमजी ०४१७’ या नावावरून नातवाला काहीच कळणार नाही.

पुतण्याच्या फोटोंतही ती पडवी निघाली. टीव्हीला लॅपटॉप जोडून तो कोपरा मोठा केला. तपकिरी डाग आता डाग राहिला नव्हता. बांबूची वीण दिसत होती, वरचं शेणाचं सारवण एका बाजूने पोपडलेलं दिसत होतं. मावशी उठून टीव्हीजवळ गेली. “कनगी,” ती म्हणाली, “सासऱ्यांनी विनलेली.” नव्या मेन्यूत पहिलं बटण तिच्या सांगण्यावरून ठेवलंय : परवी.