सत्तर घरांची पाणबुडी

अलास्कापासून पश्चिमेला पसरलेल्या अल्यूशियन बेटांमध्ये किस्का नावाचं एक उघडंबोडकं बेट आहे. जून १९४२ मध्ये जपानने ते ताब्यात घेतलं. तिथल्या जपानी जहाजांवर अमेरिकेने पाणबुड्या धाडल्या, त्यांत ‘ग्रनियन’ ही नवीकोरी बोट होती. ३० जुलैला तिचा संदेश आला की शत्रूच्या पाणबुडीविरोधी हालचाली जोरात आहेत. ‘डच हार्बरच्या तळावर परत या’ असा हुकूम गेला. त्यानंतर तिचा काहीच ठावठिकाणा लागला नाही. बोटीवर सत्तर माणसं होती. त्यांचं काय झालं, याचा छडा लावायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला, आणि तो लावला घरच्यांनी.

‘ग्रनियन’ गॅटो वर्गातली पाणबुडी. लांबी सुमारे ९५ मीटर, पुढे सहा आणि मागे चार अशा टॉर्पेडोच्या दहा नळ्या, पोटात चोवीस टॉर्पेडो. पाण्यावर डिझेल इंजिनं, पाण्याखाली बॅटऱ्या. सुमारे ९० मीटर खोलीपर्यंत जाण्यासाठी तिची बांधणी होती. कनेक्टिकटमधल्या ग्रोटनच्या कारखान्यातून ती पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पंधराच दिवसांनी पाण्यात उतरली आणि ११ एप्रिल १९४२ रोजी नौदलात दाखल झाली. पॅसिफिककडे जाताना वाटेत कॅरिबियन समुद्रात तिने ‘जॅक’ या बुडालेल्या जहाजावरच्या सोळा जणांना वाचवलं. जुलैच्या मध्यावर किस्काजवळ तिने पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या दोन जपानी बोटी बुडवल्या. तिची नौदलातली सगळी कारकीर्द जेमतेम साडेतीन महिन्यांची.

कप्तान होते मॅनर्ट एबल. साधे खलाशी म्हणून भरती होऊन पुढे नौदल अकादमीतून अधिकारी झालेला हा माणूस. घरी पत्नी कॅथरीन आणि ब्रूस, ब्रॅड, जॉन हे तीन मुलगे. धाकटा जॉन तेव्हा पाच वर्षांचा. बोट हरवल्याचं नौदलाने कळवलं. कुठे, कशी, याला उत्तर नव्हतं. कॅथरीनबाईंनी इतर खलाशांच्या घरी पत्रं लिहिली आणि आलेली उत्तरं जपून ठेवली.

धागा हाती लागला तो अगदी भलत्याच ठिकाणी. १९९८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने डेन्व्हरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक जपानी नकाशा विकत घेतला. तो ‘कानो मारू’ नावाच्या मालवाहू जहाजावरच्या एका यंत्राच्या वायरिंगचा आराखडा होता. त्याने त्या जहाजाची चौकशी सुरू केली, तेव्हा युताका इवासाकी या जपानी अभ्यासकाने एक जुना लेख पुढे आणला. लिहिणारे सेइइची आइउरा ‘कानो मारू’वरचे लष्करी अधिकारी होते. किस्काच्या ईशान्येला एका पाणबुडीशी झालेल्या झुंजीची सगळी हकिकत त्यांनी लिहून ठेवली होती.

‘ग्रनियन’चा एक टॉर्पेडो जहाजाच्या यंत्रखान्याजवळ फुटला आणि जहाज जागीच थांबलं. पुढचे दोन जहाजाला आदळूनही फुटले नाहीत, एक खालून निघून गेला. मग पाणबुडी वर येऊ लागली, तेव्हा जहाजावरच्या तोफेने तिच्यावर मारा केला. पाण्याचा एक लोट उसळला आणि पाणबुडी पुन्हा दिसली नाही.

‘ग्रनियन’वर होता तो अमेरिकी मार्क १४ टॉर्पेडो म्हणजे त्या काळातली नौदलाची डोकेदुखी. सांगितलेल्या खोलीपेक्षा तो सुमारे तीन मीटर खालून धावे, आणि नेम बरोबर लागला तरी त्याची आघाताने फुटणारी कळ दगा देई. पाणबुड्यांचे कप्तान तक्रारी करत होते, शस्त्रास्त्र विभाग दोष त्यांच्या नेमबाजीला देत होता. खोलीचा दोष विभागाने कबूल केला १ ऑगस्ट १९४२ रोजी. ‘ग्रनियन’ बुडून तेव्हा दोन दिवस होत होते.

जॉन एबल पुढे बॉस्टन सायंटिफिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीचे सहसंस्थापक झाले. हाती पैसा होता, आता आइउरांचा लेख एबल भावंडांपर्यंत पोचल्यावर जागाही कळली होती. ऑगस्ट २००६ मध्ये भावंडांनी खेकडे पकडणारी ‘अक्विला’ ही बोट भाड्याने घेतली, मागे सोनार ओढत किस्काजवळचा तळ पिंजून काढला. एका उतारावर लांबट, नळीसारखी आकृती उमटली. पुढच्या वर्षी दूरनियंत्रित कॅमेरा सुमारे हजार मीटर खाली गेला: दाबाने चेपलेला सांगाडा, पुढचा भाग तुटून गायब, मागे पंख्यांभोवतीचे लोखंडी संरक्षक कठडे. अशा खुणा जुळवत ओळख पटवली गेली आणि २००८ मध्ये अमेरिकी नौदलाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुटलेलं नाक २०१९ मध्ये टिम टेलर यांच्या पथकाला सापडलं. तिचाच टॉर्पेडो उलट फिरून तिला लागला असावा, त्यातच मागची सुकाणूपाती अडकून ती खोल घसरली असावी, असा एक तर्क आहे. तो तर्कच आहे. साक्ष द्यायला कुणी उरलं नाही.

बोट शोधण्याइतकंच चिवट काम त्याच वेळी जमिनीवर चाललं होतं. तीन स्त्रियांनी, ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी ‘ग्रनियन’वर होतं, सत्तरही जणांचे नातेवाईक शोधायचं मनावर घेतलं. आईवडील कधीच गेलेले, बहिणींची लग्नानंतर आडनावं बदललेली, पत्ते साठ वर्षांपूर्वीचे. जुनी वर्तमानपत्रं, जनगणनेच्या याद्या, दफनभूमींच्या नोंदी, गावोगावचे फोन, असं करत त्या एकेका घरापर्यंत पोचल्या आणि यादी पुरी केली. कुणाकडे भाच्याने ट्रंकेत ठेवलेला फोटो होता, तर कुणाला आपला असा कुणी आजोबा होता हेच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर २००८ मध्ये क्लीव्हलंडला ‘कॉड’ या त्याच वर्गातल्या, आता संग्रहालय झालेल्या पाणबुडीपाशी ही मंडळी स्मृतिसभेला जमली.

नौदलाच्या नोंदीत ‘ग्रनियन’ एका ओळीत संपली होती. त्या ओळीतली सत्तर माणसं पुन्हा कुणाचे तरी काका, भाऊ, वडील झाली, ती एका विधवेने जपलेल्या पत्रांमुळे, एका शत्रू अधिकाऱ्याच्या प्रामाणिक लेखामुळे आणि तीन बायकांच्या चिकाटीमुळे. त्या युद्धात अमेरिकेने बावन्न पाणबुड्या आणि साडेतीन हजार माणसं गमावली. त्यांतल्या बऱ्याच बोटी अजून सापडलेल्या नाहीत. सापडतील तेव्हा सापडतील. त्यांच्यावरच्या माणसांची घरं शोधायला मात्र सोनारची वाट बघावी लागत नाही. ते काम आजही सुरू करता येईल, आणि ते आधी व्हायला हवं.