एकट्याची वाट आणि मुरगळलेला पाय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा लागला की रविवारी भल्या पहाटे इंदूरच्या अन्नपूर्णा भागातून पाठीला सॅक लावलेली मुलं-मुली निघताना दिसतात. कुणी जानापावला, कुणी काजलीगढला, कुणी चोरलच्या रानात. काही जण एकटेच जातात. एकटं जाण्यात गैर काही नाही. पण अर्ध्या वाटेवर पाय दुखावला तर काय करायचं, याबद्दलच्या आपल्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १: आपले डोंगर बुटके आणि घरापासून जवळ. इथे काय होणार?

वस्तुस्थिती: इजा उंची बघून होत नाही. माळव्याची काळी माती ओली झाली की बुटाच्या तळव्याला थापून बसते, तळव्याच्या खाचा बुजतात आणि कातळावर पाऊल टिकत नाही. इंग्लंडातल्या डार्टमूर या ओसाड माळरानाचं सर्वांत उंच टोक ६२१ मीटर आहे. आपलं जानापाव त्याहून उंच, साडेआठशे मीटरच्या घरातलं. अशाच बुटक्या माळांवर, डर्बीशर परगण्यात, मार्च १९६४ मध्ये ‘फोर इन्स’ पदयात्रेतले तीन तरुण स्काउट गारठून दगावले. आपल्या श्रावणात तेवढी थंडी नसते, पण नियम तोच आहे: चालता माणूस भिजला तरी अंगात ऊब टिकते. पाय दुखावून तो एका जागी बसला की वारा ती ऊब ओढून घेतो. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बोलणं अडखळतं, विचार सुचेनासा होतो. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कपड्यांचा एक कोरडा जोड एका दिवसाच्या भटकंतीतही सोबत हवा.

गैरसमज २: पाय टेकवता येतोय, म्हणजे हाड शाबूत आहे.

वस्तुस्थिती: गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरच्या बारीक हाडावर शरीराचा फार थोडा भार येतो. ते मोडलं तरी काही जण लंगडत चालतात. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे निकष मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, तिथून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून पाहावी. तिथे हाडावर कळ आली, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड वर आलेलं लागतं, तिथे दुखलं तरीही तेच.

गैरसमज ३: मुरगळलेला पाय लगेच चोळावा आणि शेकावा.

वस्तुस्थिती: पाय आत वळून मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात आणि आतल्या आत रक्त साकळतं. पहिले दोन-तीन दिवस चोळल्याने आणि शेकल्याने सूज वाढते. क्रेप बँडेज बांधावं, पाय उंच ठेवून बसावं. बर्फाबद्दलही मत बदललं आहे. १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र देणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये लिहिलं, की बर्फ दुखणं कमी करतो, पण भरून येणं लांबवू शकतो. अजून उतरायचं असेल तर बूट काढू नये, नाड्या सैल कराव्यात. सूज चढली की बूट पुन्हा पायात जात नाही. मात्र बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली तर बूट काढावाच.

गैरसमज ४: मोबाइल जवळ आहे, म्हणजे मदत जवळ आहे.

वस्तुस्थिती: आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. पण घळीत एकही टॉवर पोहोचत नसेल तर तोही लागत नाही. जीपीएसला मात्र टॉवर लागत नाही. आधी नकाशा उतरवून ठेवला तर आपण नेमके कुठे आहोत ते तिथेही कळतं. परदेशातले भटके उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. आपल्या हातात आहे ती शिट्टी: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. ही जगभरची मदतीची खूण आहे. उत्तरात तीन शिट्ट्या येतात.

पण शिट्टी ऐकायला कुणीतरी शोधत यायला हवं. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये एकटा भटकणारा ॲरन रॅल्स्टन दगडाखाली हात अडकून १२७ तास पडला. तो कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली.

गैरसमज ५: मध्येच परत फिरणं म्हणजे हार.

वस्तुस्थिती: फाटलेल्या अस्थिबंधामुळे घोट्याची तोल सावरण्याची जाण कमी होते, त्यामुळे त्याच वाटेवर तोच पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते. सोबत कुणी असेल तर दुसरी चूक निभावते. एकट्याला ती मुभा नाही. पाय दुखावताच परत फिरणारा भटक्या आपलं काम नीट जाणतो.

पुढच्या रविवारी निघण्याआधी एक चिठ्ठी लिहा: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन करणार आणि फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ती आईच्या किंवा शेजाऱ्यांच्या हातात द्या आणि मगच दाराबाहेर पाऊल टाका.