साडेअकराची गोळी

बाबांची पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी साडेअकराला आणि पान बाराला. आई घड्याळ बघितल्याशिवाय वरण वाढायची नाही. डाळ-दुधातली प्रथिनं या औषधाची वाट अडवतात, हे तिला अनुभवानं पाठ झालं होतं. गोळीला उशीर झाला की बाबा खुर्चीत जखडल्यासारखे बसून राहायचे.

त्या गोळीमागची वाट मात्र लांबची आहे. जेम्स पार्किन्सननं १८१७मध्ये लंडनमध्ये या आजाराच्या, म्हणजे कंपवाताच्या, सहा रुग्णांचं वर्णन लिहिलं. त्यांतले काही त्यानं नुसते रस्त्यात पाहिलेले. आपल्याकडे वैद्य कंपवाताला खाजकुयलीचं बी देत. त्याच बियांतून मद्रासच्या संशोधकांनी १९३७मध्ये लेव्होडोपा वेगळा काढला, पण त्याचं मोल कळायला वीस वर्षं जावी लागली. १९५७मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतल्या रेसर्पिननं निश्चल झालेले ससे याच द्रव्यानं हिंडते केले. आजार दाखवणारी वनस्पती आपली आणि उतारा देणारीही आपली, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

१९६१मध्ये व्हिएन्नात लेव्होडोपाचं इंजेक्शन दिल्यावर रुग्ण उठून चालले, पण काही तासांपुरतेच. खरं वळण १९६७चं. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, थोडी थोडी मात्रा वाढवत औषध दिलं. माझ्या लेखी त्यांचा तो धीर शोधाइतकाच मोठा. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली, मळमळ कमी झाली, मात्राही उतरली. १९८७पासून फ्रान्समध्ये बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून सतत विद्युत स्पंदनं देत कंप आवरला.

बाबांना शस्त्रक्रिया लागली नाही. औषध सुरू होऊन सात-आठ वर्षं झाल्यावर, गोळी भरात असताना हातपाय आपोआप वळवळू लागले आणि ती उतरली की अंग पुन्हा आखडायचं. तेव्हा आम्ही फक्त हालचालींच्या विकारांचे रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, ‘‘दिवसातला कुठला वेळ वाईट जातो?’’ आईनं वही पुढे केली. पंधरा दिवसांच्या नोंदी, मिनिटांसकट. एकूण मात्रा तीच ठेवून त्यांनी तीनाच्या पाच वेळा केल्या. गोळ्या लहान झाल्या, दुपार मोकळी झाली.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी उंबऱ्याअलीकडे जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. तिथं बाबांचे पाय हमखास खिळायचे. पट्टी दिसली की ती ओलांडायला पाऊल उचललं जायचं. पहिल्या दिवशी ते चारही पट्ट्या ओलांडून अंगणात गेले आणि तिथूनच आईला हाक मारली.