नळाच्या अलीकडे, मोरीच्या पलीकडे

वालीवमधल्या एखाद्या शाळकरी मुलाला पाणी कुठून येते असे विचारून पाहा. ‘नळातून’ नाहीतर ‘टँकरमधून’, असेच उत्तर मिळेल. शाळेच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ रंगवलेले असते. पण ते पाणी कोणाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वसई-विरारचे बरेचसे पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून येते. हे धरण मुळात शेतीच्या सिंचनासाठी बांधलेले. त्याचे पाणी शहरांकडे वळवायला तिकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला होता. आपल्या बादलीत कुणाच्या तरी शेताचा वाटा आहे, हे पालघर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवावे. दहा घोषवाक्यांपेक्षा ते जास्त लक्षात राहील, असे आम्हाला वाटते.

मग मोजायला शिकवावे. पैगंबर (स.) एक मुद, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. घरी नळाखाली बादली ठेवून मुलाला वुजू करू द्या आणि जमलेले पाणी लिटरच्या मापाने मोजायला लावा. नंतर तांब्याने तेच करू द्या. फरक तोच सांगेल. (हा प्रयोग मशिदीच्या नळावर मोठ्यांनीही एकदा करावा!)

प्रदूषणाचा धडा मात्र अवघड आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, ही पैगंबरांची (स.) ताकीद मुलांना चटकन पटते. पश्चिमेकडच्या गावांतली बावखले दाखवायला नेले, तर गोड्या पाण्याचा साठा म्हणजे काय आणि तो भराव टाकून कसा संपतो, तेही कळते. तेल मोरीत ओतायचे नाही, दुधाची पिशवी गटारात टाकायची नाही, एवढे ती पाळतीलही. पण वालीवची मुले कारखान्यांच्या गाळ्यांशेजारी वाढतात. नाल्याच्या पाण्याचा रंग बदललेला दिसला, तर ती विचारणारच, ‘हे कोणी केले?’

तेव्हा त्यांना गप्प बसवू नये. सांडपाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, असा कायदा १९७४ पासून आहे, हे वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगावे. तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा, हे मराठीच्या तासाला शिकवता येते. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. मुलांनी मसुदा करावा, खाली सही पालकांनी करावी.