सांधा बघून घ्या

धाराशिवजवळच्या येडशीला आज ब्रॉडगेजच्या गाड्या येतात. पण या गावानं कितीतरी पिढ्या पाहिली ती बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी. कुर्डुवाडी-बार्शी तुकडा १८९७ चा. येडशीवरून रूळ १९११ मध्ये लातूरला पोचले आणि ब्रॉडगेज व्हायला २००७-०८ उजाडलं. तोवर धाराशिव शहराला रेल्वेच नव्हती. तिथल्या माणसाला गाडी धरायला येडशी गाठावी लागे.

ही लाइन उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा एक हट्ट होता : इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. रूळ हलके, यार्डाला जेमतेम तीस पौंडांचे. तरी ओझं सगळीकडं सारखं वाटलेलं असल्यानं ते तगले.

घरातली वस्तू घेताना मी हाच हिशेब लावतो. वस्तू मधोमध क्वचितच मोडते. भार एकवटतो तिथं ती जाते : कान, कडी, रिवेट, टाका. जस्ताची बादली घेताना आपण पत्रा वाजवून बघतो आणि खूश होतो. वास्तविक पंधरा लिटर पाण्याचं पंधरा किलो ओझं दोन कानांवर येतं. म्हणून कान रिवेट मारून पक्का बसवलाय की नुसता टाचलाय, ते आधी बघावं. मग बादली उलटी करावी. फरशीवर घासते ती बुडाची कड. जस्त तिथलंच आधी झिजतं आणि गंज तिथूनच शिरतो. चपलेचंही तसंच. तळ नुसता चिकटवलेला आहे की कडेनं शिवलाय, एवढं पाहिलं तरी निम्मं काम झालं.

स्टीलच्या भांड्याला लोहचुंबक लावून बघण्याची एक हौस आहे. चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल, असं दुकानदारही छातीठोक सांगतो. पण कमी निकेलचं, मँगनीज घातलेलं स्वस्त २०२ स्टीलही चुंबकाला सहसा दाद देत नाही आणि चांगलं ३०४ सुद्धा देत नाही. उलट इंडक्शनच्या भांड्याचं बूड चुंबकाला चिकटणारंच लागतं. तेव्हा चुंबक खिशात ठेवून बुडावरचा छाप वाचावा. बोअरचं जड, क्षारांचं पाणी वापरणाऱ्या घरात २०२ आणि ३०४ मधला फरक जास्त जाणवतो.

कुकरच्या बाबतीत निवड थोडी सोपी झाली आहे. २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तरी पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा : रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथं, याच दुकानात, सुटे मिळतात का? मिळत नसतील तर कुकर कितीही जाड असो, रिंग कडक झाली की तो माळ्यावर जाणार. फ्रान्सनं २०२१ मध्ये मोबाइल, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडं ते गुण गल्लीतला मिस्त्री तोंडी सांगतो. खरेदीआधी त्याला विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

पितळेचं पातेलं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते दुरुस्तीच्याच जोरावर. कल्हई करताना भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील झरझर फिरवायचं. आत चंदेरी थर बसतो. तो विटून पिवळा धातू दिसू लागला की आंबट आमटी त्यात करू नये, आधी कल्हई करावी. कल्हईवाला वर्षाकाठी एकदा तरी गाठता येत नसेल, तर पितळ शोभेला ठेवून स्वयंपाकाला बिडाची कढई घ्यावी. मात्र तिचे कान कढईबरोबरच ओतलेले असावेत. बीड भारी असलं तरी ठिसूळ; ओट्यावरून फरशीवर पडलं तर तडकतं आणि ती तड सांधून द्यायला फारसं कुणी धजावत नाही.

सगळ्याच वस्तूंसाठी एवढा खल नको. केरसुणी, किसणी, गाळणं, कपड्यांचे चिमटे ही झिजायचीच. नॉनस्टिक तव्याचा लेपही काही वर्षांनी जातोच, आणि लेप गेल्यावर खालचा जाड तवा काय कामाचा? तो मधल्या किमतीचा घ्यावा आणि वाचलेले पैसे कुकरकडं वळवावेत.