खरमोराच्या माळापासून खिवनीच्या सागापर्यंत

आफ्रिकेत पक्षी पाहण्यासाठी लोक एका अभयारण्यातून दुसऱ्या अभयारण्यात दिवसच्या दिवस मोटारीने हिंडतात, असे आपण वाचतो. तसा प्रवास आपल्या धार-देवासच्या मुलखातही घडू शकतो, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात असेल. धार जिल्ह्यातील सरदारपूरचा माळ आणि देवास जिल्ह्यातील खिवनीचे जंगल यांमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे. गेल्या श्रावणात एका स्नेह्यांबरोबर मी ती दोन दिवसांत केली.

सरदारपूर हे पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातले गाव. भोपावर एजन्सीचे ठाणे येथेच असे. या भागातील माळांवर पावसाळ्यात विणीसाठी खरमोर येतो. मराठीत त्याला तणमोर म्हणतात. खर म्हणा की तण, दोन्ही नावांत गवतच आहे. माळढोकाच्या कुळातला हा कोंबडीएवढा पक्षी. विणीच्या दिवसांत नर काळाभोर होतो, कानांमागे वळणदार पिसे फुटतात आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून उंच उड्या मारतो, दिवसाकाठी शेकडो. डॉ. सलीम अली यांच्या आग्रहाने १९८३ साली येथे अभयारण्य झाले. पण २०१७ च्या पाहणीत साऱ्या देशात मिळून असे नर काही शेकडेच असावेत, असा अंदाज निघाला. आम्ही सकाळभर माळावर उभे होतो. चंडोल दिसले, लावे भुर्रकन उडाले. खरमोर काही दिसला नाही.

तेथील एका वृद्ध शेतकऱ्याचे गाऱ्हाणे वेगळेच होते. अभयारण्याच्या हद्दीत चौदा गावे आली आणि स्वतःच्याच जमिनीची खरेदी-विक्री अडून बसली. मुलीच्या लग्नाला शेत विकता येईना, तेव्हा या पाखराचे कौतुक कोणी करावे? त्याला उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

पुढे धार, इंदूर, देवास अशी वाट धरली. दुतर्फा सोयाबीनच सोयाबीन. तारांवर कोतवाल आणि वेडे राघू बसलेले. गवताचा सलग पट्टा म्हणून कोठे नजरेस पडेना. थोरल्या आणि धाकट्या पातीच्या देवासात शिरताना घोडदळाची आठवण होणे साहजिक आहे. त्या काळी पागेसाठी गवताची कुरणे राखीत. माळव्यात त्यांना बीड म्हणतात. पावसाळाभर त्यांत गुरे सोडायची नाहीत आणि गवत पिकल्यावर कापणी करायची, हा बिडाचा शिरस्ता. खरमोराला नेमके एवढेच हवे असते. घोड्यांसाठी राखलेले गवत अनायासे पाखरालाही पुरत होते.

देवासहून चापडा, कन्नौद करीत खिवनी गाठली. हे अभयारण्य १९५५ साली, मध्यभारत राज्याच्या काळात झाले. साग आणि बांबू भिजून तकतकीत झाले होते. झाडीत नवरंगाची शीळ ऐकू आली आणि लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तकही दिसला. मध्यप्रदेशचा हाच राज्यपक्षी, दूधराज.

खिवनीला जंगल म्हणून मान आहे, वाघाचे नाव आहे. गवताला मात्र आपण पडीक म्हणतो आणि मोकळे होतो. साग तोडला तर दहाजण ओरडतील. माळ नांगरला तर सुधारणा झाली असेच म्हणतील. खरमोर संपत चालला आहे तो यामुळे.

आपल्यापैकी काही घराण्यांकडे अजून गवताची जमीन आहे. दसऱ्यापर्यंत तिच्यात गुरे सोडू नयेत आणि विळाही चालवू नये. यात नवे काही नाही. बिडाचा जुनाच शिरस्ता आहे.