पेन्शन सुरू होते, पण पाच गोष्टी बंद पडतात! निवृत्तीनंतरचे रिकामेपण नेमके कशाचे?

दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातील सरकारी कार्यालयांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत निरोप समारंभांची गर्दी होते. कारण साधे आहे. एके काळी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख सोयीने १ जून लावली गेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, भाषणे आणि ग्रुप फोटो होतात. दुसऱ्या दिवशी कागदोपत्री वाढदिवस उजाडतो आणि पहिल्यांदाच डबा भरायचा नसतो.

ग्रॅच्युइटी, पेन्शन, मेडिक्लेम यांचा हिशोब बहुतेकांनी वर्षभर आधी मांडलेला असतो. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या आठ तासांचे काय करायचे, याचा हिशोब फार थोड्यांकडे असतो.

हा प्रश्न आता मोठा का झाला?

राज्य सरकारी सेवेत बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी, तर केंद्राच्या सेवेत ६०व्या वर्षी निवृत्त होतात. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील भारतविषयक अहवालानुसार साठीला पोहोचलेल्या भारतीयापुढे सरासरी १८ वर्षांहून अधिक आयुष्य असते. म्हणजे बालवाडीपासून पदवीपर्यंत जेवढा काळ लागतो, जवळपास तेवढा काळ हातात असतो.

२०२२ मध्ये देशात साठीपुढील लोक सुमारे १४.९ कोटी होते. २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींवर जाईल, असा याच अहवालाचा अंदाज आहे. तेव्हा दर पाच भारतीयांत एक जण ज्येष्ठ असेल. इतका मोठा काळ ‘आता आराम करा’ एवढ्या एका सल्ल्यावर निघत नाही.

पगाराबरोबर आणखी काय जाते?

याचे उत्तर ऑस्ट्रियातील एका गावाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी दिले. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापड गिरणी १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तिथे मुक्काम टाकून लोकांचे दिवस नोंदवले. त्यांचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना जे दिसले ते अनपेक्षित होते. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केले, हे त्यांना सांगता येईना. घरकाम मात्र संपलेले नव्हते, त्यामुळे बायकांची चाल तशीच झपझप राहिली.

पुढे याहोदा यांनी यावरून मांडणी केली, की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी न मागता देत असते : दिवसाचे वेळापत्रक, घराबाहेरची माणसे, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजातली ओळख आणि हातापायांना हालचाल. बेकारी आणि निवृत्ती सारखी नव्हे. निवृत्ती सन्मानाने येते, पेन्शनही असते. पण या पाच गोष्टी दोन्हींत एकाच दिवशी थांबतात. पेन्शन पगाराची जागा घेते, या पाचांची नाही.

‘साहेब’, ‘बाई’, ‘गुरुजी’ ही हाक थांबली की काहींना चुकल्यासारखे होते ते यामुळेच. त्याला अहंकार म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नाही. ती ओळख घडायला ३०-३५ वर्षे लागलेली असतात.

सुरुवातीचे महिने मजेत, मग उदास का वाटते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. आधी नवलाईचा काळ येतो. राहिलेल्या सहली होतात, देवदर्शन होते, मुलांकडे राहणे होते, घराची रंगरंगोटी होते. ही यादी संपली की भ्रमनिरास सुरू होतो. त्यानंतर माणूस नव्याने जुळवाजुळव करतो आणि हळूहळू दिनक्रमाला स्थैर्य येते. प्रत्येक जण सगळ्या टप्प्यांतून जातोच असे नाही, क्रमही मागेपुढे होतो.

मधला टप्पा ओळखणे महत्त्वाचे. पेपर दोनदा वाचून होतो, टीव्ही दुपारपासून सुरू राहतो, व्हॉट्सअॅपवर सुप्रभातचे फोटो पुढे ढकलले जातात आणि घरातल्या प्रत्येकाच्या येण्या-जाण्याच्या वेळांवर लक्ष जाऊ लागते. हा स्वभाव बिघडल्याचा पुरावा नाही. जुने वेळापत्रक गेले आणि नवे अजून बसले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

छंद पुरेसा आहे का?

छंद हवाच, पण एकटा छंद या पाचांपैकी एखादीच गोष्ट भरून काढतो. बागेला पाणी घालायला आज गेले नाही तर उद्या चालते. आपण गेलो नाही तर कुणाचे तरी अडेल, अशी एक जागा आठवड्यात असली, की फरक पडतो.

याचा चांगला नमुना अमेरिकेतील ‘एक्स्पीरियन्स कोअर’ हा उपक्रम. त्यात साठीपुढील स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला सुमारे १५ तास जाऊन मुलांना वाचायला मदत करत. बाल्टिमोर शहरात त्याची शास्त्रीय चाचणी झाली. दोन वर्षांनंतर त्यात भाग घेतलेल्या पुरुषांच्या मेंदूतील स्मरणशक्तीशी संबंधित भागात किंचित वाढ आढळली, तर भाग न घेतलेल्यांमध्ये घट दिसली. त्या कामात सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडणे, चालणे, मुलांची नावे लक्षात ठेवणे आणि ‘आजी आल्या’ म्हणून वाट पाहणारा वर्ग, हे सारे एकत्र होते. पाचही गोष्टी एकाच कामात सापडल्या.

आपल्याकडे अशा जागा कमी नाहीत. वस्तीतल्या मुलांचा गणिताचा तास, सार्वजनिक वाचनालयाचे काउंटर, सोसायटीचे हिशोब, रुग्णालयात नातेवाइकांना कागदपत्रांसाठी मदत, अशी ही कामे आहेत. निवृत्त लिपिकाला अर्ज भरता येतो आणि निवृत्त वायरमनला शिकाऊ मुलाचा हात धरता येतो. सल्ला द्यायला अनेक जण तयार असतात. ‘दर मंगळवारी चार वाजता मी असेन’ हा शब्द देणे आणि पाळणे अवघड असते, आणि फायदा त्यातच असतो.

शरीर किती हलवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी स्पष्ट आहेत. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणे. दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्याकडे फिरणे होते, पण बाकी दोन राहून जातात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कानांकडेही लक्ष हवे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येणारे १४ घटक सांगितले. ऐकू कमी येणे, व्यायामाचा अभाव आणि एकटेपण हे तिन्ही त्यात आहेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस कट्ट्यावर जाणे सोडतो आणि एकटा पडतो. श्रवणयंत्र लावायला लाजण्याची किंमत अशी मोठी असते.

घरात काय बदलते?

निवृत्ती एकाची असली तरी दिनक्रम दोघांचा बदलतो. दुपारची घटकाभर शांतता ही घरातल्या बाईची एकमेव सुट्टी असते. नवरा दिवसभर घरी आला की चहाच्या फेऱ्या वाढतात आणि स्वयंपाकघरात सूचनाही येऊ लागतात. जपानी डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ मध्ये याला ‘रिटायर्ड हजबंड सिंड्रोम’ असे नावच दिले. पती निवृत्त झाल्यावर आजारी पडणाऱ्या पत्नी त्यांच्या पाहण्यात आल्या होत्या.

नोकरी करणारी स्त्री निवृत्त होते तेव्हा तिची एकच पाळी संपते, घरची दुसरी चालूच राहते. उलट ‘आता घरीच आहात ना’ म्हणून ती वाढते. निवृत्तीच्या आधीच दोघांनी मिळून घरकाम वाटून घेणे हे म्हणूनच पेन्शनच्या कागदांइतके गरजेचे आहे. स्वयंपाक शिकणे हा पुरुषांसाठी उत्तम उद्योग आहे आणि पुढे एकट्याने राहायची वेळ आली तर तोच आधार ठरतो.

नातवंडांचेही तसेच. त्यांचा सहवास आनंद देतो, पण ‘हवे असणे’ आणि ‘गृहीत धरले जाणे’ यात अंतर आहे. आठवड्यातले कोणते दिवस आजी-आजोबांचे आणि कोणते पाळणाघराचे, हे मुलगा-सुनेशी किंवा लेक-जावयाशी मोकळेपणी ठरवले तर नंतरची कुरबुर टळते.

महाराष्ट्रात वाटा कोणत्या?

शहरांत आणि तालुक्यांच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा ‘फेस्कॉम’ हा राज्यव्यापी महासंघ आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्यक्लब आज जगभर पोहोचला आहे. भजनी मंडळ, भिशी, नाट्यवाचनाचा गट, देवळाचा पार यांचे मोल तेच : ठरलेली वेळ आणि ओळखीची माणसे.

प्रवासाची अडचण एसटीने बरीच कमी केली आहे. राज्यात ७५ वर्षांपुढील नागरिकांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. महिलांना वयाची अट न लावता अर्धे तिकीट आहे. कमाईचे काम हवे असणाऱ्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे नोंदणी पोर्टल सुरू केले.

मदत कधी मागावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे, ‘माझा आता काय उपयोग’ असे वारंवार मनात येणे हे वयाचे लक्षण नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत आहे. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर मिळते.

सुरुवात कुठून करावी?

एका कागदावर पाच ओळी पुरतात. माझ्या आठवड्याला वेळापत्रक कशामुळे मिळते? घराबाहेरच्या किती जणांशी मी बोलतो? माझे काम कुणाच्या उपयोगी पडते? लोक मला आता काय म्हणून ओळखतात? आणि अंग कशाने हलते? जी ओळ कोरी राहील, तिथून सुरुवात करावी. निवृत्तीला एखादे वर्ष उरले असतानाच ही यादी केली आणि एखादी जागा आतापासून धरली, तर १ जूनच्या सकाळी डबा भरायचा नसला तरी कुणीतरी वाट पाहत असेल.